पाळणे रिकामे का? जपान, कोरिया आणि युरोपातल्या घटत्या जन्मदराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसंख्या म्हटलं की आपल्या जिभेवर अजून 'स्फोट' हाच शब्द येतो. एसटी स्टँडच्या भिंतींवरचा लाल त्रिकोण पाहत वाढलेल्या पिढीला, एखादं सरकार लोकांना 'मुलं होऊ द्या हो' म्हणून विनवतंय हे खरंच वाटत नाही. म्हणून हा विषय निघाला की प्रश्नांची रांग लागते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर जपान आणि दक्षिण कोरियावर आहे, कारण हे सगळं तिथे सर्वात पुढे गेलंय.

नेमकं किती घटलंय?

दक्षिण कोरियात १९६०च्या सुमारास एका बाईला सरासरी सहा मुलं होत. १९८३ साली हा आकडा २.०६ वर आला. २०१८ मध्ये तो एकाच्याही खाली गेला आणि २०२३ मध्ये ०.७२ झाला. राजधानी सोलमध्ये तर ०.५५.

०.७२ म्हणजे काय ते माणसांत मोजून बघा. शंभर बायका आणि शंभर पुरुष धरा. त्यांना मिळून ७२ मुलं होतात, त्यातल्या साधारण ३५ मुली. त्याही आयांसारख्याच वागल्या तर पुढच्या पिढीत २५ मुलं. दोनशे आजीआजोबांमागे पंचवीस नातवंडं, तीही फक्त दोन पिढ्यांत. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही.

जपानमध्ये महायुद्धानंतर, १९४७ ते ४९ या काळात, दरवर्षी २७ लाखांच्या आसपास मुलं जन्मत होती. २०२४ मध्ये जन्मली ६ लाख ८६ हजार. इटलीत त्याच वर्षी ३ लाख ७० हजार. युरोपात ज्या फ्रान्सकडे सगळे आदर्श म्हणून बघायचे, तिथेही २०१० च्या सुमाराला दोनाच्या थोडा वर असलेला दर २०२४ पर्यंत १.६२ वर उतरला.

२.१ हा आकडा कुठून येतो?

दोघांच्या जागी दोघं यावेत, मग दोन का नाही? कारण निसर्गतःच शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. ही दोन्ही तूट भरून काढायला वरचा ०.१ लागतो. याला प्रतिस्थापन पातळी म्हणतात. जिथे गर्भातच मुली मारल्या जातात तिथे २.१ देखील पुरत नाही. हा मुद्दा शेवटी महाराष्ट्राच्या बाबतीत पुन्हा येणार आहे.

जन्मदर आणि एकूण प्रजनन दर यांत वर्तमानपत्रंही गल्लत करतात. जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षभरात झालेले जन्म. ०.७२, २.१ हे आकडे एकूण प्रजनन दराचे. त्या त्या वर्षी वेगवेगळ्या वयाच्या बायकांना ज्या प्रमाणात मुलं झाली, त्याच प्रमाणात एका बाईला आयुष्यभर होत गेली तर किती होतील, याचा तो हिशेब असतो. सगळ्यांनी मूल पाच वर्षं पुढे ढकललं तर हा आकडा काही काळ खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कोरियात पहिल्या बाळंतपणाचं सरासरी वय आता ३३ आहे, तेव्हा घसरणीचा थोडा भाग या ढकलण्याचाही आहे. पण थोडाच.

जपानमध्ये दर कधीच खाली गेला होता म्हणतात. मग लोकसंख्या इतक्या उशिरा का घटू लागली?

घाट उतरणाऱ्या गाडीला ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, तसं आहे हे. जपानचा दर १९७४ पासून प्रतिस्थापन पातळीच्या खाली आहे. तरी लोकसंख्या २००८ पर्यंत वाढतच राहिली आणि १२ कोटी ८० लाखांवर पोचली. आधीच्या मोठ्या पिढ्या तरुण होत्या, त्यांना कमी कमी का होईना पण मुलं होत होती, आणि माणसं जास्त जगत होती.

हाच वेग उलट्या दिशेनेही काम करतो. आज जपानमध्ये प्रत्येक बाईला दोन मुलं व्हायला लागली, तरी आई होण्याच्या वयाच्या बायकाच कमी असल्याने लोकसंख्या कित्येक दशकं घटत राहील. म्हणून 'पुढच्या निवडणुकीपर्यंत आम्ही हे थांबवू' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नये.

तिथल्या लोकांना मुलं नकोशीच झाली आहेत का?

हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि याचंच उत्तर सर्वात चुकीचं दिलं जातं. 'तरुण पोरं स्वार्थी झालीत, त्यांना फक्त मजा करायची आहे' असं म्हणून ज्येष्ठ मंडळी मोकळी होतात.

आकडे असं सांगत नाहीत. जपानच्या २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित जोडप्यांनी सांगितलेली आदर्श मुलांची संख्या सरासरी २.२५ होती, आणि प्रत्यक्षात व्हावीत असं ठरवलेली २.०१. लग्नाला पंधरा ते एकोणीस वर्षं झालेल्या जोडप्यांना खरोखर झालेली मुलं सरासरी १.९. म्हणजे ज्यांचं लग्न झालं त्यांना जवळजवळ दोन मुलं आहेतच.

मग २०२४ मध्ये देशाचा दर १.१५ कसा? कारण लग्नंच होत नाहीत. २०२० च्या जनगणनेनुसार पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेले पुरुष २८ टक्के आणि बायका जवळपास १८ टक्के. आणि जपानमध्ये लग्नाशिवाय मूल होण्याचं प्रमाण दोन-तीन टक्केच आहे. फ्रान्स आणि स्वीडनमध्ये निम्म्याहून अधिक मुलं लग्न न केलेल्या आईबापांची असतात, त्यामुळे तिथे लग्नं घटली तरी जन्म त्याच प्रमाणात घटत नाहीत. पूर्व आशियात लग्नाचं दार बंद झालं की पाळण्याचंही बंद होतं.

मग लग्नं का होत नाहीत?

जपानची गोष्ट आधी. पूर्वी तिथेही बघण्याचे कार्यक्रम होत, मध्यस्थ स्थळं आणत. त्याला मिआई म्हणतात, आपल्या कांदेपोह्यांचा जपानी भाऊ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांनी मिआईला मागे टाकलं. जुनी व्यवस्था गेली. नव्या व्यवस्थेत जोडीदार ज्याचा त्याने शोधायचा, पण कामाचे तास असे की शोधायला वेळ नाही.

पुढचा घाव आर्थिक होता. १९७१ ते ७४ या काळात जपानमध्ये दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुलं जन्मली. ही मुलं वयात आली की बाळांची तिसरी मोठी लाट येईल, असं सगळे धरून चालले होते. ती आलीच नाही. ही पिढी शिक्षण संपवून बाहेर पडली तेव्हा जमीन आणि शेअरच्या भावांचा फुगा फुटून अर्थव्यवस्था थंडावली होती. जपानी लोक त्या काळाला नोकऱ्यांचं हिमयुग म्हणतात. तिथे मोठ्या कंपन्या कॉलेजातून थेट माणसं घेत आणि निवृत्तीपर्यंत सांभाळत. त्या वर्षी दार चुकलं ते बहुतेकांचं कायमचं चुकलं. लाखो तरुण कंत्राटी आणि तात्पुरत्या कामांवर राहिले, आणि कायम नोकरी नसलेल्या पुरुषांची लग्नं तिथे खूपच कमी होतात. आपल्याकडे 'मुलगा पर्मनंट आहे का?' हा पहिला प्रश्न असतो, तसंच. ती माणसं आता पन्नाशीत आहेत. त्यांची न झालेली मुलं आज कुठल्याही योजनेने परत आणता येणार नाहीत.

कोरियाचं दुखणं वेगळं आहे. तिथे जॉन्से नावाची घरभाड्याची पद्धत आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ती एका शब्दात कळेल: हेवी डिपॉझिट. घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची. लग्न करायचं तर आधी ही रक्कम उभी करायला हवी, आणि सोलमधल्या घरांच्या किमती तरुणांच्या पगाराच्या कितीतरी पुढे पळाल्या आहेत. त्यात क्लासेस. हागवॉन नावाचे खासगी शिकवणी वर्ग बालवाडीच्या वयापासून सुरू होतात आणि रात्री दहापर्यंत चालतात. एका मुलाला या शर्यतीत उतरवताना कंबरडं मोडतं, तिथे दुसऱ्याचा विचार कोण करणार?

आणि बायका. कोरियात बायकांचा पगार पुरुषांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी, श्रीमंत देशांत ही दरी सर्वात रुंद. मूल झालं की नोकरी सुटते, परत मिळाली तर हलकी मिळते. घरी स्वयंपाक, मूल, सासूसासरे तिच्याच वाट्याला. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या मुलीला लग्नाचा हा सौदा पटत नसेल तर त्यात स्वार्थ कुठे आला?

म्हणजे बायकांनी शिकून नोकरी केल्यामुळे हे झालं?

नाही. बायका शिकल्यावर मुलं कमी होतात हे खरं, आणि सहावरून दोनवर येण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ती चांगलीच गोष्ट होती. पण दोनवरून एकाच्या खाली जाण्याचं कारण तेवढंच असतं तर स्वीडन-फ्रान्समध्ये सर्वात कमी मुलं झाली असती. १९८०च्या दशकानंतर कित्येक वर्षं उलटंच चित्र होतं: बायका जास्त प्रमाणात नोकरी करतात तिथे मुलंही जास्त, आणि इटली-स्पेनसारख्या, बायका घरी राहणाऱ्या देशांत कमी. स्वीडनने १९७४ सालीच आईबापांना वाटून घेता येईल अशी पगारी रजा दिली. आज ती एका मुलामागे ४८० दिवसांची आहे आणि त्यातले ९० दिवस फक्त बापाचे.

तरी इथे प्रामाणिकपणे एक भर घालायला हवी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत उत्तर युरोपही घसरलाय. फिनलंड २०१० मध्ये १.८७ वर होता, २०२३ मध्ये १.२६. तिथे पाळणाघरं आहेत, रजा आहे, बापही लंगोट बदलतात. म्हणजे या सोयी हव्यातच, पण त्या केल्या की प्रश्न सुटला असं नाही.

जपानमध्ये १९६६ साली जन्म अचानक का घटले होते?

बारा प्राणी आणि पाच तत्त्वांच्या चक्रात दर साठ वर्षांनी 'अग्नी-अश्व' वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जुनी समजूत. आपल्याकडच्या मंगळाच्या मुलीसारखीच. १९६६ साली जोडप्यांनी मूल टाळलं आणि एका वर्षात जन्म पावपट कमी झाले. दर १.५८ पर्यंत पडला आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर आला.

१९८९ चा दर १.५७ निघाला तेव्हा देश हादरला तो यामुळेच. अंधश्रद्धेच्या वर्षी जेवढा पडला होता त्याहूनही खाली, तोही कुठल्याही अंधश्रद्धेशिवाय. जपानची जन्मदरविषयक धोरणं सुरू झाली ती या धक्क्यानंतर. पुढचं अग्नी-अश्व वर्ष २०२६ चं.

सरकारं पैसे देतात, त्याने काही होतं का?

थोडं होतं. खर्चाच्या मानाने फारच थोडं. कोरियाने २००६ पासूनच्या दीड दशकात जन्मदरासाठीच्या योजनांवर २८० ट्रिलियन (म्हणजे २८० लाख कोटी) वॉन खर्च केले आणि त्याच काळात दर १.१ च्या आसपासून ०.८ च्या आसपास आला. हंगेरीने चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ केला, मुलांच्या संख्येनुसार माफ होणारी कर्जं दिली. २०११ मध्ये १.२५ च्या आसपास असलेला दर १.६ पर्यंत चढला, आणि २०२४ मध्ये पुन्हा १.३८ वर आला. रोख मदतीने बहुतेकदा होतं असं की ज्यांना मूल हवंच होतं ते जरा लवकर होऊ देतात, आणि पुढच्या वर्षांत तेवढीच तूट पडते.

सिंगापूरची कथा ऐकून वाईट वाटतं. १९७०च्या दशकात 'दोनावर थांबा' म्हणून तिसऱ्या मुलाला शाळाप्रवेशात मागे ढकलणारं सरकार १९८७ मध्ये 'परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या' म्हणायला लागलं. लोकांनी पहिलं ऐकलं, दुसरं नाही. २०२३ मध्ये तिथला दर ०.९७ होता.

जबरदस्तीचा अनुभव रुमानियाने घेतलाय. हुकूमशहा चाउसेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. पुढच्याच वर्षी दर १.९ वरून ३.७ वर गेला, मग बायकांनी चोरवाटा शोधल्या आणि तो पुन्हा उतरत गेला. मागे राहिल्या त्या चोरून केलेल्या गर्भपातात मेलेल्या हजारो बायका आणि अनाथाश्रमांतून खुरटलेली मुलं. १९८९ मध्ये राजवट कोसळताच नव्या सरकारने पहिल्या काही निर्णयांत हा कायदा रद्द केला. 'बायकांना जरा वठणीवर आणलं पाहिजे' असं म्हणणाऱ्याने आधी ही वर्षं नीट वाचावीत.

यशाचं एक छोटं उदाहरण आहे. जपानच्या ओकायामा प्रांतातलं नागी हे जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव. २००२ मध्ये शेजारच्या गावांत विलीन व्हायला गावाने नकार दिला आणि वाचलेला प्रत्येक येन मुलांकडे वळवला. उपचार मोफत, घरं स्वस्त, आया एकमेकींची मुलं सांभाळतील अशी जागा, आणि तान्हं मूल असलेल्या बाईला किंवा म्हाताऱ्याला दोन-तीन तासांचं काम मिळवून देणारं केंद्र. २०१९ मध्ये तिथला दर २.९५ होता. एवढ्याशा गावात दहा मुलं इकडची तिकडे झाली तरी आकडा उडी मारतो, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मला यात भावतं ते असं की गावाने बक्षीस नाही दिलं, आईच्या डोक्यावरचं ओझं वाटून घेतलं.

मुलं कमी झाली तर बिघडलं कुठे?

गर्दी कमी, घरं स्वस्त, असं वाटतं खरं. जपानी लोक हे खांद्यांच्या हिशेबात सांगतात. १९६५ मध्ये एका वृद्धामागे कमावत्या वयाची नऊ माणसं होती, सगळ्यांनी मिळून एकाला अलगद हवेत झेलावं तशी. मग तिघं मिळून एकाला खांद्यावर घेतात तशी स्थिती आली. आता वाटचाल एकाच्या खांद्यावर एक बसण्याकडे आहे. गोविंदांच्या थरात खालचे कमी आणि वरचे जास्त झाले तर काय होईल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

रोजच्या जगण्यात हे असं दिसतं: जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली. ओजी या कागद कंपनीने २०२४ मध्ये देशात बाळांचे डायपर बनवणं थांबवायचं आणि मोठ्यांच्या डायपरवर भर द्यायचा असं जाहीर केलं. कोरियात दक्षिणेकडच्या गांगजिन भागातल्या एका प्राथमिक शाळेला २०१९ मध्ये पहिलीत एकही मूल मिळेना, तेव्हा लहानपणी शिकायला न मिळालेल्या सत्तरीच्या आज्यांना प्रवेश दिला. दप्तरं घेऊन शाळेत निघालेल्या त्या आज्यांचे फोटो बघून हसू येतं आणि गळाही दाटतो.

पृथ्वीवरचा भार हलका होईल का, असंही विचारतात. होईल, पण लोकसंख्या पिढ्यांच्या वेगाने उतरते आणि कार्बनचा प्रश्न येत्या दोन-तीन दशकांत सोडवायचा आहे. त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्यात शोधण्यात अर्थ नाही.

बाहेरून माणसं आणून तूट भरता येत नाही का?

काही प्रमाणात भरता येते, आणि भरली जातेच आहे. पण म्हातारे आणि कमावते यांचं प्रमाण फक्त स्थलांतराने स्थिर ठेवायचं म्हटलं तर आकडे वेडे होतात. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली असा हिशेब मांडला, तेव्हा एकट्या दक्षिण कोरियाला २०५० पर्यंत ५०० कोटींहून अधिक माणसं आणावी लागतील असं निघालं. एवढी तर तेव्हा जगाची जवळजवळ सगळी लोकसंख्या होती.

युरोपात 'प्रतिस्थापन' या शब्दाभोवती एक विषारी कटकथाही फिरते: गोऱ्यांना हटवून इतरांना आणण्याचा कुणाचा तरी कट आहे, अशी. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने हीच कथा उराशी धरली होती. प्रतिस्थापन पातळी ही गणितातली संज्ञा आहे. तिचा या द्वेषाशी काही संबंध नाही.

मराठी माणसाचा इथे थेट संबंध येतो. मनुष्यबळ कमी पडलेल्या जर्मनीने २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. जपानमध्ये परदेशी रहिवासी २०२४ च्या अखेरीस ३७ लाखांवर गेले. टोकियोच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस स्थानिक सभागृहात निवडून गेला.

कोरियात आता दर वाढू लागलाय ना?

२०२४ मध्ये तो नऊ वर्षांत प्रथमच वाढला, ०.७२ वरून ०.७५. त्या वर्षी लग्नंही जवळपास १५ टक्क्यांनी वाढली. करोनात लांबलेली लग्नं झाली, आणि १९९१ ते ९५ दरम्यान दरवर्षी सात लाखांहून अधिक मुलं जन्मली होती, ती आता तिशीच्या सुरुवातीला आहेत. २००२ साली मात्र पाच लाखांपेक्षा कमी जन्मली. ती तिशीत येतील तेव्हा ही खिडकी बंद झालेली असेल.

महाराष्ट्रात असं होईल का?

सुरू झालंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा दर २.०, महाराष्ट्राचा १.७ आणि गोव्याचा १.३ होता. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' असा आशीर्वाद आजही दिला जातो, पण घेणारीला एक किंवा फार तर दोनच हवी असतात. जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या घटण्यात इंग्रजी माध्यमाचा वाटा आहे, तसा याचाही आहे.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या एका साम्याची. कोरियात १९९० मध्ये शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते, सोनोग्राफीच्या कृपेने. पुढे प्रमाण सुधारलं, पण ते मुलगे आज पस्तिशीचे आहेत आणि त्यांच्या जोडीच्या मुली जन्मल्याच नाहीत. आपल्याकडे त्याच पाहणीत हजार मुलांमागे ९१३ मुली जन्मत होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून लग्नाळू तरुणांनी 'आम्हाला नवरी द्या' म्हणत कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. गर्भातल्या मुलींच्या हत्येची ती वसुली होती.

आणि कायदे? सप्टेंबर २००१ नंतर दोनापेक्षा जास्त मुलं झाली तर स्थानिक निवडणूक लढवता येत नाही, हा नियम महाराष्ट्राने केला तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. आंध्र प्रदेशने तसाच नियम २०२४ मध्ये रद्द केला, आणि तिथले मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आता लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगतात. आपण आज हा नियमही काढावा आणि उद्या उलटा आग्रहही धरू नये, असं माझं मत आहे. त्याआधी नोकरी करणाऱ्या बाईला परवडेल असं पाळणाघर प्रत्येक तालुक्याच्या गावी असावं. तेवढ्यासाठी प्रजनन दर एकाच्या खाली जायची वाट बघायला नको.